डाव्या पायावरचं वजन

माझा जोडीदार रविवारी सकाळी कायमचा मुलीकडे राहायला जाणार होता, आणि त्याआधी मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मी एकतीस वर्षं लावली होती. त्यातली शेवटची चार वर्षं तर आम्ही रोज सकाळी दोन-दोन तास एकत्र चालत होतो, आजूबाजूला चिटपाखरू नसायचं, तरी ती माझ्या घशातून वर आली नाही. तापट माणूस बोलका असतो असा लोकांचा समज आहे. मला विचारा. मी दुधाला उशीर झाला तरी घर डोक्यावर घेतो, पण कामाचं एक वाक्य विचाराल तर तोंडाला कुलूप.

जोडीदार म्हणजे कारखान्यातला. प्रेस खात्यात आम्ही बारा वर्षं एकाच मशीनवर होतो. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरचा साचा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार येतो, असं ते मशीन. मोठ्या पत्र्याला दोन माणसं लागत. जोडीदार पत्रा आत सरकवून नीट बसवायचा, हात बाहेर घ्यायचा आणि मान हलवायचा. त्यानं मान हलवली की मी डाव्या पायानं पॅडल दाबायचं. तासाला अडीचशे तुकडे निघायचे. इतका ताल जमला होता आमचा, की शेजारच्या मशीनवरचे लोक आमच्या ठोक्यांवर गाणी म्हणत.

त्या दिवशी पाळी संपायला दहा मिनिटं होती. एक पत्रा तिरका बसला म्हणून त्यानं बाहेर घेतलेला हात पुन्हा आत घातला. मी बघत नव्हतो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. माझा पाय तालावर गेला, आणि त्याच्या उजव्या हाताची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी अशी तीन बोटं गेली.

चौकशीला साहेब हॉस्पिटलात आले. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. जोडीदार त्यांना म्हणाला, "मी मान हलवली आणि मग वेड्यासारखा हात परत आत घातला. चूक माझी." त्यानं मान हलवलीच नव्हती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि तिसऱ्या कुणालाही नव्हतं. माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना चालू होता, हेही त्याला माहीत होतं. खरं बोलला असता तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. मी मूग गिळून उभा राहिलो. साहेबांनी कागदावर लिहून घेतलं आणि ते गेले.

एवढीच गोष्ट. त्याला सांगायचं होतं ते इतकंच, की पाय माझा होता, चूक माझी होती आणि तू मला वाचवलंस. तीन वाक्यं. लहान मूलही पाठ करून म्हणून दाखवेल.

आता यात गोल्फ कुठून आला ते सांगतो. बोटं गेल्यावर जोडीदाराला स्टोअरमध्ये बसवलं. हात आखडू नये म्हणून डॉक्टरांनी त्याला काहीतरी धरायला, फिरवायला सांगितलं होतं. कुणीतरी टाकून दिलेला गोल्फचा क्लब, म्हणजे ती लांब काठी, त्याला मिळाली आणि तो गावाबाहेरच्या नऊ होलांच्या, म्हणजे बॉल घालायच्या नऊ खड्ड्यांच्या, मैदानावर जाऊ लागला. तिथे कुणालाही खेळता येतं. लोक विचारायचे, तुम्ही तीन बोटं नसताना कसं खेळता? तो म्हणायचा, "इतर सगळे उजव्या हाताची करंगळी कुठे ठेवायची म्हणून डोकं खाजवत बसतात. माझा तो प्रश्नच मिटलाय." लोक हसायचे. तो स्वतःला 'सातबोट्या' म्हणवून घ्यायचा, कारखान्यातही तेच नाव पडलं होतं. मी ते नाव आजवर एकदाही तोंडातून काढलेलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत बायकोनं हात टेकले आणि त्याला फोन केला, "भाऊजी, यांना कुठेतरी घेऊन जा हो." त्यानं मला गोल्फला नेलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, एखाद्या सकाळी बोलून टाकू. चार वर्षं झाली. बोलणं राहिलं बाजूला आणि गोल्फही आला नाही.

आला नाही म्हणजे काय, त्याची तऱ्हा सांगतो. मी क्लब मागे नेतो तेव्हा अगदी चित्रातल्यासारखा दिसतो. खाली आणतो तेव्हा बॉलच्या वीतभर मागे जमिनीत घालतो. मातीचा ढेकूळ बॉलपेक्षा लांब जातो. सहाव्या होलवर तर एक तळं आहे, फार नाही, शंभर पावलांचं. चार वर्षांत माझा एकही बॉल ते ओलांडून गेला नव्हता. त्या तळ्यातल्या माशांना माझ्या बॉलांची सवय झाली असेल. सगळे पलीकडे मारतात, मी काठाकाठानं चालत जाऊन पलीकडे नवा बॉल ठेवतो.

जाण्याच्या आठवड्यात जोडीदार म्हणाला, "मला दुसरं काही नको. निरोपाचं जेवण नको, भेटवस्तू नको. मी जायच्या आधी तुझा एक बॉल तळ्याच्या पलीकडे गेलेला बघायचाय." आणि त्यानं मला मंगळवारी सरावाच्या मैदानावर गोल्फ शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंसमोर नेऊन उभं केलं.

मास्तरीणबाई चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, आवाज खणखणीत. पत्र्याच्या शेडखाली हिरव्या चटया अंथरलेल्या, समोर जाळी, बाजूला तारेच्या टोपलीत बॉल. मी दहा बॉल मारले. त्यांनी एकाही बॉलकडे बघितलं नाही. खाली उकिडव्या बसून त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या.

"काका, तुमचं सगळं वजन मागेच राहतंय," त्या म्हणाल्या. "मागे नेताना वजन उजव्या पायावर, ते बरोबर. पण खाली आणताना ते डाव्यावर यायला हवं, आणि हातांच्या आधी यायला हवं. तुमचं येतच नाही. उलट तुमची डावी टाच उचलली जाते."

"बूट घट्ट आहे," मी म्हणालो.

"मग काढून मारा."

मी मोज्यांवर मारले. तेच. मग मी म्हणालो, चटई उतरती आहे. त्यांनी चटई बदलली. मग मी म्हणालो, पायाला भोवरी झालीये. बाकावर बसलेला जोडीदार चहा पिता पिता म्हणाला, "बाई, आता तो कंबर सांगेल, मग चष्मा सांगेल. तुम्ही आपलं शिकवत राहा."

बाईंनी मला एक रिकामी बादली दिली. "ही भरलेली आहे समजा. पाणी लांबवर फेकायचंय. कसं फेकाल?" मी बादली एका हातानं मागे नेली आणि बाजूनंच पुढे झोकली. "बघा, आता किती छान गेलं वजन पुढे!" त्या म्हणाल्या. बादली दोन्ही हातांनी धरून, हात गुडघ्यांसमोर आणून फेकायला सांगितल्यावर मात्र मी पुन्हा मागच्या पायावर. बादली माझ्याच नडगीवर आपटली.

घरी आल्यावर मी कपाटाच्या आरशासमोर पोछ्याचा दांडा घेऊन उभा राहिलो. बायको भाजी निवडत बसली होती. पाच मिनिटं तिनं बघून घेतलं.

"अहो, तुम्ही आजच थोडेच असे उभे राहताय?" ती म्हणाली. "भांडी घासताना असेच, दाढी करताना असेच. बगळ्यासारखे एका पायावर. मोची मला दर वेळी विचारतो, तुमच्या साहेबांना डावा पाय आहे ना? उजव्या चपलेची चाळण होते आणि डावी दुकानातून आणल्यासारखी."

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला काय माहीत ते चुकतंय? मला वाटलं तुमची ती ऐट आहे."

मी दांडा आपटला. ती पुन्हा भाजी निवडू लागली. माझ्या रागाला या घरात कुणी भीक घालत नाही, आणि खरं सांगायचं तर हे माझं नशीबच.

गुरुवारी बाईंनी टॉवेलात गुंडाळलेल्या दोन वस्तू आणल्या. बाथरूममध्ये असतात तसले दोन वजनकाटे, सुईवाले. ते त्यांनी चटईवर शेजारी शेजारी ठेवले आणि मला एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभं केलं. माझं वजन बहात्तर किलो. छत्तीस इकडे, छत्तीस तिकडे.

"बॉल विसरा, क्लब विसरा. हात कमरेच्या मागे बांधा. हळूहळू मागे वळा." उजव्या काट्यावर छप्पन्न. "आता पुढे वळा." डाव्या काट्यावर साठ. बाई खूश झाल्या. "काका, तुम्हाला येतंय की!"

जोडीदार बाकावरून उठून बघायला आला. बाईंनी मला क्लब दिला. अगदी हळू, एक-दोन-तीन म्हणत मागे न्यायचा आणि तसाच खाली आणायचा. मागे नेला, उजव्यावर अठ्ठावन्न. खाली आणू लागलो. हात कमरेपर्यंत आले, पोटासमोर आले, आणि डाव्या काट्याची सुई घसरत घसरत पाचवर येऊन थांबली. मला काही कळलंच नाही, माझ्या मते मी पाय रोवून उभा होतो.

बाईंना काटाच बिघडलाय असं वाटलं. त्यांनी दोन्ही काट्यांची अदलाबदल केली. पुन्हा पाच. क्लब काढून घेतला, नुसते हात जोडून खाली आणायला सांगितले. चार. हात मागे बांधायला सांगितले. साठ. बाई मांडी घालून खालीच बसल्या आणि एखादं कोडं सुटल्यासारख्या माझ्याकडे बघू लागल्या.

"काका, तुमच्या पायाला काही झालेलं नाही. हात मागे असले की पाय व्यवस्थित टेकतो. हात पुढे आले रे आले की पाय आपोआप वर येतो. जणू कुणीतरी त्याला सांगितलंय, हात समोर असताना टेकायचं नाही म्हणून." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही नोकरी कसली करायचात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसानंतर मला एकट्यानं चालवायच्या लहान प्रेसवर टाकलं होतं. पत्रा आपणच बसवायचा, पॅडल आपणच दाबायचं. पहिल्या सकाळी मी त्या मशीनसमोर उभा राहिलो आणि ठरवलं, हात पुढे असेतो डाव्या पायावर गुंजभर वजन टाकायचं नाही. टाच वर. दोन्ही हात बाहेर आले, डोळ्यांना दिसले, मगच पाय. पुढली सत्तावीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत, मी तसंच काम केलं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला तेच शिकवलं, ऐकलं नाही त्याच्यावर खेकसून शिकवलं. आमच्या रांगेत त्यानंतर कुणाचं नखसुद्धा गेलं नाही. माझी दहाच्या दहा बोटं घेऊन मी घरी आलो. मशीन सुटलं, पण पायाला कुणी सांगितलंच नाही की आता पाळी संपली.

हे सगळं मला एका क्षणात कळलं, आणि जोडीदार माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला होता. त्यालाही कळलं होतं. प्रेसवर बारा वर्षं काढलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही.

बोलायची वेळ हीच होती. मी काय केलं? मी शंख केला. "मी इथे गोल्फ शिकायला आलोय, माझा इतिहास सांगायला नाही!" असं त्या बिचाऱ्या बाईंवर ओरडलो, काट्यांवरून उतरलो, बूट हातात घेतले आणि मोज्यांवर फाटकापर्यंत चालत गेलो. तिथे खडी होती. तरी मी बूट घातले नाहीत, कारण तिथे बसायला बाक नव्हता आणि वाकलो असतो तर लोकांना वाटलं असतं मी थांबलोय.

शुक्रवारी मी मैदानावर गेलो नाही. दिवसभर घरात पंख्याची पाती पुसली, बिजागऱ्यांना तेल घातलं, सगळ्या खोल्यांतून निष्कारण फिरलो. संध्याकाळी बायकोनं समोर बसवलं.

"काय झालंय ते मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "पण भाऊजींचा फोन आला होता. उद्या सहाला ये म्हणाले. बूट घालून ये आणि कारणं घरी ठेवून ये, असा शब्दशः निरोप आहे."

"आवाज कसा होता त्याचा?"

"भाऊजींचाच होता."

मग मी तिला सगळं सांगितलं. हॉस्पिटल, साहेब, मान हलवणं. तिला एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा कळत होतं. ती बराच वेळ हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली.

"म्हणजे माझी मुलगी जन्मली तेव्हा घरात पगार येत होता तो त्यांच्यामुळे," ती म्हणाली. "आणि मी त्यांना एवढ्या वर्षांत नुसता चहा पाजत आले. तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतं तर मी तरी आभार मानले असते हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला मला उत्तर देता येतं.

शनिवारी सहा वाजता जोडीदार फाटकाशी उभा होता, खांद्यावर पिशवी, डोक्यावर तीच जुनी टोपी. पहिल्या पाच होलांवर आम्ही फक्त हवेबद्दल बोललो. गवत ओलं आहे, ऊन वाढणार, वारा नाही. माझे बॉल नेहमीसारखे गवत खरडत गेले. त्याचे नेहमीसारखे सरळ. प्रत्येक होल संपला की मला वाटायचं, आता. आणि पुढचा होल सुरू व्हायचा.

सहाव्यावर आलो. तळं चकचकत होतं. जोडीदार बाकावर बसला आणि त्यानं शेजारी हात थोपटला. मी बसलो.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "मला वाटत होतं तू विसरलास."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागलो.

"खरंच वाटत होतं. हॉस्पिटलात तू गप्प राहिलास ते ठीक होतं, मीच तशी सोय केली होती. पण नंतर? रोज डबा माझ्याबरोबर खायचास. माझ्या शर्टाची बटणं लावून द्यायचास सुरुवातीला, आठवतं? तुझ्या मुलीच्या बारशाला मला पहिल्या रांगेत बसवलंस. पण त्या गोष्टीचा एक शब्द नाही. दहा वर्षं मला राग होता, लेका. बोटांचा नव्हे. बोटं काय, तिथे कुणाचीही जात होती. मला वाटायचं, मी याच्यासाठी एवढं केलं आणि हा सरळ विसरून गेला. मग वय झालं, राग सुटला. म्हटलं जाऊ दे, विसरला तर विसरला, खेळायला तर येतो."

"मी विसरलो नव्हतो रे," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"ते परवा बघितलं ना त्या काट्यावर!" तो हसला. हसताना त्यानं टोपी काढून डोळे पुसले आणि टोपी पुन्हा घातली. "चार किलो! बाईंना काय कळणार? मला कळलं. घरी जाऊन मी नुसता बसून होतो. एकतीस वर्षं तू माझ्याशी त्यावर बोलत नव्हतास, पण काल वहिनी फोनवर म्हणाल्या, भांडी घासतानासुद्धा तो पाय वर धरून उभा असतोस. अरे गाढवा, तोंडानं सांगितलं असतंस तर पायाला एवढा त्रास झाला नसता."

मला बोलायचं होतं. तीनही वाक्यं जिभेवर होती. पण मी बाकाच्या फळीवरचा रंग नखानं खरवडत राहिलो. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि माझी अवस्था त्याला समजली असणार, कारण तो उठला.

"चल. बोलणं राहू दे. बॉल ठेव."

मी सात नंबरचा क्लब काढला, बॉल ठेवला, उभा राहिलो. जोडीदार माझ्यासमोर आला, सात-आठ पावलांवर, जिथे मला बॉलकडे बघता बघता तो दिसेल अशा जागी. आणि त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. डाव्याची पाच बोटं, उजव्याची दोन. सगळी पसरून उभा राहिला.

"बघ," तो म्हणाला. "दोन्ही हात बाहेर आहेत. आत काही नाही. नीट बघून घे."

मी बघितलं. एकतीस वर्षं मी तो हात चोरून बघत आलो होतो, कप धरताना, सही करताना, क्लबवर घट्ट बसलेला. असा समोर, उन्हात, सरळ कधी बघितला नव्हता. शिवणीचे वण पांढरे झाले होते. अंगठा आणि तर्जनी ताठ होती.

"बघितलास?"

"बघितला."

मग त्यानं मान हलवली.

मी क्लब मागे नेला. उजवा पाय जड झाला. खाली आणायच्या आधी एक क्षण मी पुन्हा त्याच्या हातांकडे बघितलं, ते वरच होते, आणि मी डावा पाय टाकला. टाच गवतात रुतली, पोटरी ताणली गेली, गुडघ्यानं भार घेतला, मांडीनं घेतला, सगळा माणूस माझा त्या पायावर जाऊन उभा राहिला. हात नंतर आले. आवाज वेगळाच झाला, आजवर माझ्या क्लबमधून कधी न आलेला, कोरडा आणि नेमका. माती उडाली नाही. उजव्या बुटाचं नुसतं टोक जमिनीला लागलं होतं आणि मी पडत नव्हतो.

बॉल कुठे गेला ते मी बघितलं नाही. जोडीदारानं मान वळवून बघितलं, हात तसेच वर.

"पलीकडे," तो म्हणाला. "वाळूत गेला. पण पलीकडे."

तोंडाचं कुलूप कधी निघालं ते मला समजलं नाही. "मी घड्याळ बघत होतो," मी म्हणालो. "तू मान हलवली नव्हतीस. मी घड्याळ बघत होतो आणि पाय टाकला. चूक माझी होती. तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि माझी नोकरी वाचवलीस, माझं घर उभं राहिलं, मुलगी शिकली, आणि मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांची बोटं राहिली. जे काही आहे ते तुझ्यामुळे आहे. मी तुझ्या पाया पडायला पाहिजे होतं, आणि मी तुला साधं बोललोसुद्धा नाही. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. फार."

वाक्यं तीनापेक्षा बरीच जास्त झाली. थांबायचं कसं ते मला आठवत नव्हतं. नाक वाहत होतं आणि क्लब अजून खांद्यावर तसाच होता. इतका हलका मी लग्नाच्या दिवशीही नव्हतो.

जोडीदार तळ्याकडे बघत ऐकत होता, हात तसेच वर. मग माझ्याकडे वळला, नेहमीचाच चेहरा करून.

"झालं सगळं सांगून?"

"झालं."

"मग आता हात खाली घेऊ का? खांदे भरून आलेत माझे."

मी आधी माझा पाय कुठे आहे ते बघितलं, आणि मग म्हणालो, "घे."